सरकारी भिंतीतल्या खुंट्या

गिराम बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गंगाखेडच्या घरी अंगणात दाढी करत बसलो होतो. पलीकडून त्यांचा पुतण्या बोलत होता. सकाळी चहा घेतला, खुर्चीत टेकल्या, आणि तिथंच गेल्या. मी तोंड पुसलं आणि अर्धी दाढी तशीच ठेवून पालमची एस.टी. गाठली. बसमध्ये ओळखीचे एक गृहस्थ माझ्या गालाकडे बघत राहिले, पण विचारायचं धाडस काही त्यांना झालं नाही. वय ब्याऐंशी झालं की लोक असलं काही विचारत नाहीत.

दहाव्या दिवशी शोकसभा झाली. एकामागून एक वक्ते उठले आणि बाई किती मायाळू होत्या, किती सोशिक होत्या, त्यागमूर्ती होत्या, कधी कुणाला उणा शब्द बोलल्या नाहीत, हे सांगू लागले. मला ऐकवेना. ज्या बाईनं आयुष्यभर साहेबलोकांना, सरपंचांना आणि एका मुख्याध्यापकाला सळो की पळो करून सोडलं, तिला ही मंडळी देव्हाऱ्यात बसवायला निघाली होती. तो मुख्याध्यापक मीच. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, की बाई भांडखोर होत्या, त्यांच्या आयुष्यातली कितीतरी वर्षं माझ्याशी भांडण्यात गेली, आणि त्यातल्या एकाही भांडणात मी... तेवढ्यात सूत्रसंचालकानं वेळ झाल्याचं सांगून माइक हळूच काढून घेतला. तिथं राहिलं ते इथं लिहितो. तीन आठवडे होऊन गेलेत, पण राग उतरलेला नाही.

वत्सला गिराम आमच्या शाळेत रुजू झाल्या तेव्हा पंचविशीच्या होत्या. पालमपासून तीन कोसांवरचं गाव, जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, तीन खोल्या आणि मी धरून तीन शिक्षक. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण ज्या मुलीबद्दल पुढे लिहायचं आहे ती आणि तिचे लोक अजून तिथंच राहतात. बाई मानवतच्या. कापसाच्या बाजाराशेजारी वाढलेल्या, त्यामुळे आवाज मोठा आणि घासाघीस केल्याशिवाय कुठलीच गोष्ट कबूल करायची नाही हा स्वभाव. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, की चौथीत मुली तीनच का. मी म्हणालो, इथली पद्धतच आहे तशी. कुणाची पद्धत, असं त्यांनी विचारलं आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. तेव्हा त्या पोरांना छडीही मारायच्या, हे लपवून काय करायचं... शुद्धलेखन चुकलं की हात पुढे. सगळंच चांगलं त्यांच्यात पहिल्यापासून होतं असं मी म्हणणार नाही.

गोदी शाळेत आली ती अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टात. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला होता आणि मराठवाडा पेटला होता. बस बंद, बाजार बंद, गावोगावी शेजारी शेजाऱ्यावर उठलेला. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, एवढंच काय ते सांगता येईल. दलित वस्तीतली बरीच माणसं मात्र लेकराबाळांना घेऊन पाहुण्यांकडे निघून गेली होती आणि बाकीच्यांनी आपापली पोरं घरात कोंडली होती. शाळेत मी, गिराम बाई आणि कशीबशी पाच-सहा मुलं. वस्तीतल्या मुलांच्या रिकाम्या जागांवर बाई कुणाला बसू देत नसत. ती येतील तेव्हा त्यांना आपली जागा दिसली पाहिजे, असं म्हणायच्या. अशा त्या सुनसान दिवसांत सात वर्षांची एक मुलगी आली आणि वर्गाच्या दारात चौकटीला पाठ लावून बसली. नाव गोदावरी, पण गावात सगळे तिला येडी गोदी म्हणत. ती बोलत नव्हती. हाक मारली तर बघत नव्हती. वाजंत्री ऐकली की कानांवर हात दाबून धावत सुटायची. आईबाप आधी देवऋषी, मग दर्गा, मग पुन्हा देवऋषी करून थकले होते. एरवी आमच्या शाळेत साठ पोरं एका सुरात पाढे ओरडायची, म्हणून ती कधी इकडे फिरकली नव्हती. गाव भीतीनं गप्प झालं आणि तिला शाळा सापडली.

हे बाईंनी ओळखलं, मी नाही. पुढे माणसं परतली, पोरं परतली, पाढे सुरू झाले आणि गोदी पळाली. बाईंनी त्या दिवसापासून आपल्या वर्गात पाढे म्हणणं बंद केलं. आमच्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक लटकवलेला तुकडा. तो बडवायच्या हातोडीला बाईंनी चिंधी गुंडाळली. गोदी परत येऊन दारात बसली. मी चिंधी सोडायचो, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गुंडाळलेली असायची. आठवडाभर हे चाललं. शेवटी मीच कंटाळलो, आणि बाईंनी पहिलीच्या हजेरीपटावर तिचं नाव घातलं.

आता कुणाला वाटेल, बाईंना सगळं आधीच कळत होतं. काही कळत नव्हतं. आधी त्यांना वाटलं पोरगी हट्टी आहे, म्हणून त्या हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवायच्या. गोदी एकदा त्यांच्या मनगटाला अशी कडकडून चावली, की पालमला जाऊन इंजेक्शन घ्यावं लागलं. मग वाटलं बहिरी असेल. पण बाजूच्या खोलीत शेंगांच्या पुडीचा कागद वाजला तरी ती उठून जायची, म्हणजे तेही नाही. मग वाटलं, काही शिकणार नाही, नुसती बसू दे. अशातच एक दिवस बाई तिच्या आईला भेटायला गेल्या. आईचं नाव पारूबाई. नवराबायकोची दोन एकर कोरडवाहू जमीन, आणि दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला. त्या एका खणाच्या घरात भिंतीला ओळीनं पाच खुंट्या होत्या. पहिलीवर अंग पुसायचं फडकं, दुसरीवर परकर-पोलकं, तिसरीवर फडक्यात बांधलेली भाकर, चौथीवर पाण्याचा तांब्या दोरीनं अडकवलेला, पाचवीवर पांघरायची वाकळ. गोदी एकेका खुंटीपाशी जायची, वस्तू उतरवायची, तेवढं काम उरकायची आणि मग पुढच्या खुंटीला हात लावायची. कुणी एक शब्द बोलत नव्हतं. हे तिला कुणी शिकवलं, असं बाईंनी विचारलं. पारूबाई भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "शिकवायचं काय त्याच्यात? बोललेलं तिला पोचत न्हाई बाई, दिसलेलं पोचतंय. मग आमी दिसंल असं ठिवतो. पुढं काय हाय अन् कवा संपतंय ते ठावं नसलं, की लय घाबरती ती."

दुसऱ्या दिवशी बाई सुताराकडून बाभळीच्या सात खुंट्या घेऊन आल्या आणि वर्गाच्या भिंतीत ठोकू लागल्या. मी धावत गेलो. सरकारी भिंत आहे, वरून परवानगी पाहिजे, पोपडे निघाले तर जबाबदार कोण... मी बोलत राहिलो, त्या ठोकत राहिल्या. मग म्हणाल्या, लेखी कळवा. मी खरंच लेखी कळवलं, जावक क्रमांक टाकून. त्यांनी तो कागद वाचला, खाली 'वाचलं' एवढंच लिहून सही केली आणि मला परत दिला. तो माझ्याकडे अजून आहे. खुंट्यांवर त्यांनी पाटी लावली, मोजायला ज्वारीची पिशवी लावली, पाण्याचा तांब्या, झाडू, बसायचं पोतं, चित्रांची वही, आणि सगळ्यात शेवटी दप्तर. उतरवलेली वस्तू काम झालं की टोपलीत. दप्तर एकटं उरलं की घरी. दिवसाला शेवट असतो हे गोदीला दिसलं आणि तिचं पळणं थांबलं. एकदा बाईंनीच घाईत पाटी आणि झाडू यांची अदलाबदल केली, तर पोरीनं अर्धा तास भिंतीवर डोकं आपटलं. मी म्हणालो, बघा, हे असं आहे. बाईंनी तिच्या कपाळाला हळद लावली आणि चूक माझी आहे, तिची नाही, असं मला चारचौघांत ऐकवलं. छडी त्यांनी त्या दिवशी मोडून चुलीत घातली.

ज्वारीचे दाणे दहा-दहांचे ढीग करून ती मोजायला शिकली. वाचायला मात्र ती बाईंकडून नव्हे, एस.टी.कडून शिकली. गावाच्या फाट्यावर बस थांबायची, तिथं उभी राहून ती बसच्या कपाळावरची पाटी बघत राहायची. एक दिवस शाळेच्या अंगणातल्या धुळीत तिनं बोटानं 'गंगाखेड' असं लिहिलं. तसंच्या तसं, बसच्या पाटीवर असतं तितक्याच जाड आणि तिरक्या अक्षरांत. अ आ इ ई तिला येत नव्हतं. मी म्हणालो की हे वाचन नव्हे, ही नक्कल आहे, आधी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द. बाईंनी विचारलं, तुमी पहिल्यांदा काय केलं होतं? त्यांनी पुठ्ठे कापले, पेंटरकडून काळा रंग आणला आणि बसच्या पाट्यांसारख्याच पाट्या तयार केल्या. तांब्या, भाकर, झाडू, दार, आई. प्रत्येक वस्तूखाली तिची पाटी, आणि फाट्यावरच्या बसगाड्यांच्या गावांच्या पाट्या फळीवर. वर्षभरात गोदीला शंभरावर शब्द ओळखता येऊ लागले, आणि बाराखडी तिनं पुढे आपली आपण शोधून काढली. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी बाराखडी कुणालाच अशी शोधू दिली नव्हती.

आता माझा पराक्रम सांगतो. पहिली-दुसरीची परीक्षा तोंडी असायची, आणि गोदी तर तोंड उघडणार नाही. नियमात बसेल असा मार्ग मलाच सुचला आणि त्याचा मला अभिमानही वाटला. बहिरी-मुकी असल्याचा डॉक्टरांचा दाखला आणा, तोंडी माफ करतो आणि वरच्या वर्गात ढकलतो. बाई कां-कूं करत होत्या. पण वर्ष वाया गेलं तर बाप तिला शाळेतून काढेल ही भीती होती, म्हणून त्या तयार झाल्या. शहरातल्या एका डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे उभं राहून टाळी वाजवली. गोदी खिडकीच्या गजांकडे बघत होती, ती बघतच राहिली. तिला ऐकू येतं हे बाईंना माहीत होतं. मलाही माहीत होतं. आम्ही दोघंही गप्प बसलो. दाखला मिळाला, गोदी दुसरीत गेली, तिसरीत गेली, आणि मी बाईंकडे पेढे मागितले.

गोदी शाळेत असते म्हणून आईबाप तिला गावात आत्याजवळ ठेवून ऊसतोडीला जायचे. त्याआधीच्या हंगामांत ती त्यांच्याबरोबर फडात असायची, आणि तिथं तिला कसं ठेवावं लागायचं ते पारूबाई कुणाला सांगत नसे. गोदी चौथीत असताना दसऱ्याच्या आधी तपासणीला साहेब आले. नवे विस्तार अधिकारी, कागदांचे पक्के. फायलीत त्यांना तो दाखला दिसला. बहिरी-मुकी मुलगी साध्या शाळेत कशी, असल्या मुलांसाठी वेगळी शाळा असते, नाव कमी करा, असा त्यांनी शेरा मारला. ती वेगळी शाळा कुठं आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. बाई आईच्या आजारपणासाठी मानवतला गेल्या होत्या. त्या असत्या तर... पण त्या नव्हत्या. आमच्याकडे निजामाच्या अमदानीपासून 'दाखल-खारीज' म्हणतात ते रजिस्टर मी काढलं आणि गोदीच्या नावावर लाल शाईची रेघ ओढली. कारणाच्या रकान्यात 'अपंगत्वामुळे' असं लिहिलं. दोन मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी गोदी आली तेव्हा मी तिला आत्याच्या घरी नेऊन सोडलं. दिवसभर तिला सांभाळणं आपल्याला झेपणार नाही, असं आत्यानं पारूबाईला सांगून टाकलं, आणि टोळी निघाली तेव्हा गोदीही गाडीत होती.

बाई परत आल्या. भिंतीवर सातही खुंट्या भरलेल्या, आणि दारातली जागा रिकामी. त्या माझ्यावर ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी टोळी कुठल्या कारखान्याकडे गेली एवढंच विचारलं, रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि गेल्या. तीन बस बदलून, फडाफडात विचारत त्या पारूबाईपर्यंत पोचल्या. पाचव्या दिवशी सकाळी दहा वाजता त्या गोदीला घेऊन शाळेच्या अंगणात उभ्या होत्या. पोरीच्या घोट्याला फडकं बांधलेलं होतं. मी काही विचारायच्या आधीच बाई बोलल्या. "पाचटाच्या कोपीत, मेढीच्या खांबाला बांधली होती. दोरी मऊ होती, गुरुजी. काचू नये म्हणून आईनं आपल्या लुगड्याचे काठ फाडून वळली होती. तिला मी कशी बोलू? तिनं न्हाई बांधली. आपण बांधली." गोदी आत गेली आणि तिनं पहिल्या खुंटीवरची पाटी उतरवली. तिचं नाव पटावर नाही, तिला वर्गात बसवता येणार नाही, असं मी म्हणालो... असं म्हणालो मी, हो. बाई म्हणाल्या, "नाव कमी केलंत तुमी. पोरगी कमी होत न्हाई." आणि त्यांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला.

तो साहेबांच्या नावचा अर्ज होता. मुलीला ऐकू येते हे ठाऊक असताना मी खोटा दाखला काढून आणला, त्याची जी शिक्षा असेल ती मला द्यावी, पण मुलीचे नाव पुन्हा दाखल करावे. माझ्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. मी विचारलं, माझं नाव का घातलं नाही? "माझं मी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तुमचं तुमी लिहा." मी तो कागद खणात ठेवून दिला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. दोन मुलींची लग्नं व्हायची होती, नोकरी गेली तर काय, हे सगळं मनात होतंच, पण खरं कारण ते नव्हतं. आपण चुकलो हे आपल्या हाताखालच्या बाईसमोर कबूल करायची मला लाज वाटत होती. त्या आठवड्यात गोदी बाईंच्या भाड्याच्या खोलीत राहत होती आणि पटावर नाव नसताना रोज वर्गात बसत होती. एक दिवस मी सहज म्हणून वर्गात जाऊन ज्वारीच्या पिशवीसमोर उभा राहिलो. गोदी उठली, खांबाला वळसा घालावा तसा तिनं मला वळसा घातला, हात लांबवून पिशवी काढली आणि दाणे मांडत बसली. माझ्या लाल रेघेचं त्या वर्गात कुणालाच काही वाटत नव्हतं. मी परत येऊन बाईंच्या अर्जाखाली लिहिलं, की दाखला माझ्या सूचनेवरून आणला, मुलीला ऐकू येते, आणि हे मला तेव्हाही माहीत होते. सही केली.

साहेब आले. ऐकू येतं तर सिद्ध करा, म्हणाले, आणि गोदीच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवण्यासाठी हात उचलू लागले. बाई मध्ये आल्या. त्या दिवशी त्यांचा आवाज मोठा नव्हता. "टाळी वाजवून परीक्षा एकदा झाली, साहेब. पुन्हा न्हाई. वर्गात बसा, पाचपर्यंत बसा, मग लिहा काय लिहायचं ते." मी डोळे मिटून घेतले. पण साहेब बसले, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. पाचपर्यंत नाही, पण तास-दीड तास बसले. गोदीनं त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही. तिनं दाणे मोजले, पाट्या लावल्या, बाहेर फाट्यावर बसचा भोंगा वाजला तेव्हा फळीवरून 'परभणी' ही पाटी उचलून मांडीवर घेतली. बस खरंच परभणीची होती. साहेबांनी नाव पुन्हा दाखल करण्याचा शेरा लिहिला आणि जाताना आम्हा दोघांना खोट्या दाखल्याबद्दल मेमो दिला. पुढच्या उन्हाळ्यात दोघांच्याही बदल्या झाल्या. मी पाथरीकडे, बाई राणीसावरगावला. गोदी तेव्हा चौथी पास होती.

जायच्या दिवशी बाईंनी शेवटच्या खुंटीवर एक नवी पाटी टांगली, 'राणीसावरगाव', आणि तिच्याकडे आणि स्वतःकडे आलटून पालटून बोट दाखवलं. आपण कुठं चाललो हे पोरीला दिसावं म्हणून. गावानं त्याला वेडेपणा म्हटलं. दोन महिन्यांनी गोदी घरातून नाहीशी झाली. लोकांनी विहिरीत गळ टाकले, पारूबाईनं छाती बडवून घेतली. गोदी फाट्यावर जाऊन, पाटी वाचून, बसमध्ये चढली होती. कुणाच्या तरी सोबत असेल म्हणून कंडक्टरनं विचारलं नाही. बाई वर्गात शिकवत होत्या, मान वर केली तर दारात गोदी. त्यांनी तिला शाळा सुटेपर्यंत बसू दिलं आणि मग स्वतः गावी आणून सोडलं. तोवर गावातली बाया-माणसं फाट्यावर जमली होती. बाई बसमधून उतरल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, की हिला येडी म्हणणाऱ्या कुणीही पुढं यावं आणि एकट्यानं राणीसावरगावला जाऊन दाखवावं. मी तिथं नव्हतो. असतो तर पहिली टाळी मी वाजवली असती, आणि बाई त्यावरूनही मला बोलल्या असत्या.

चौऱ्याण्णवला नामविस्तार झाला. त्याच वर्षी एका मासिकात मला 'स्वमग्नता' हा शब्द पहिल्यांदा भेटला. अशी मुलं आवाजाला घाबरतात, त्यांना बोललेल्यापेक्षा दिसलेलं कळतं, दिवसाचा क्रम चित्रांनी किंवा वस्तूंनी मांडून द्यावा... मी तो अंक घेऊन बाईंकडे पालमला गेलो, तोवर त्यांची बदली तिथं झाली होती. त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचला. विद्यापीठाला नाव मिळायला सोळा वर्षं लागली आणि आमच्या पोरीच्या असण्यालाही तेवढीच लागली, म्हणाल्या. मग अंक मला परत देत त्यांनी सांगितलं, की हा पारूबाईला वाचून दाखवा, तिनं हे सगळं भाकरी थापता थापता सांगितलंय. मी खरंच जाऊन वाचून दाखवला. पारूबाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, की लिहिणाऱ्याच्या घरी हाय का असं लेकरू?

निवृत्तीनंतर बाईंनी पालमच्या घराची पुढची खोली अशा मुलांसाठी उघडली. कुठल्या संस्थेचा फलक लावला नाही, उद्घाटन केलं नाही. कधी तीन मुलं, कधी सात. लोक विचारायचे, गोदी बरी झाली का? बाई उसळून म्हणायच्या, आजारीच नव्हती तर बरी काय होणार. हे मीही आज सांगतो, कारण शोकसभेत एका वक्त्यानं बाईंनी गोदीला बरं केलं असं सांगून टाळ्या मिळवल्या. गोदी आज पन्नाशीपुढची आहे. भावाकडे राहते. मोजके शब्द बोलते, तेही स्वतःला हवे तेव्हा. कुकरची शिट्टी झाली की अजून घराबाहेर पळते. आणि रोज सकाळी पाटी वाचून एस.टी.त बसते, पालमला येते, ती खोली उघडते, झाडते आणि संध्याकाळपर्यंत मुलांत असते. वीस वर्षं झाली याला. पारूबाई गेली तेव्हाही तिसऱ्या दिवशी ती आली होती.

बाईंची एक सवय सांगायची राहिली. मुलाला शिकवताना त्या कधी समोर बसत नसत. शेजारी बसायच्या, हातभर अंतर ठेवून, तोंड मुलाच्याच दिशेला करून, मूल बघत असेल तिकडे बघत. मूल भिंतीकडे बघत असेल तर बाईही भिंतीकडे बघायच्या, तासभर सुद्धा. मला ते कधी जमलं नाही. शिक्षक समोरच बसतो, असं माझ्या हाडीमाशी भिनलेलं आहे.

परवा मी त्या खोलीवर गेलो होतो. आता खोलीचं काय करायचं हे पुतण्याला ठरवायचं होतं आणि त्यानं मला बोलावलं होतं. भाड्यानं द्यावी असं त्याच्या मनात होतं, आणि बाईच नाहीत तर शिकवणार कोण, हे त्याचं म्हणणं तसं वावगंही नव्हतं. आम्ही ओट्यावर बोलत होतो तेवढ्यात मानवतकडून एक शेतकरी बाप आला, पाच वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन. मुलगी किंचाळत होती, त्याच्या कानाला ओरबाडत होती. त्याला बाई गेल्याचं कळलेलं नव्हतं. कुणीतरी नाव सांगितलं म्हणून तो दोन बस बदलून आला होता. त्यानं मुलीला खोलीत खाली ठेवलं तशी ती कोपऱ्यात जाऊन भिंतीला कपाळ टेकून ओरडू लागली. गोदी फरशी पुसत होती. तिनं फडकं बाजूला ठेवलं, उठली, मुलीच्या शेजारी हातभर अंतरावर जाऊन बसली आणि त्याच भिंतीकडे बघू लागली. बराच वेळ काही झालं नाही... मग पोरीचा आवाज थोडा खाली आला. बापानं माझ्याकडे वळून विचारलं, "शिकिवणाऱ्या बाई कुठं हायत?" पुतण्या तोंड उघडत होता. मी त्याचा हात दाबला आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"त्या काय, बसल्यात."